सोप्यातला समुद्र

माणसाला एखादा छंद असावा, असे सगळेच सांगतात. पण त्या छंदापायी घरातल्या इतर माणसांनी काय काय सोसावे, याबद्दल कोणी बोलत नाही. पोस्टाची तिकिटे जमवणारा मनुष्य निरुपद्रवी असतो. बागकाम करणारा फार तर अंगणात चिखल करतो. परंतु ज्याच्या घरात माशांची काचपेटी आहे, त्याच्या घरात एक वेगळेच संस्थान नांदत असते. आणि त्या संस्थानात एकदा का क्रांती करायची ठरली, की तिची झळ थोरामोठ्यांपासून पाहुण्यारावळ्यांपर्यंत सर्वांना लागते. आमच्या घरात गेल्या वर्षी अशी क्रांती झाली. गोड्या पाण्याची पेटी खाऱ्या पाण्याची झाली. एका ओळीत सांगून संपणाऱ्या या गोष्टीला प्रत्यक्षात चार महिने लागले. त्या चार महिन्यांची ही हकीकत.

कोल्हापुरातल्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यात ही पेटी कित्येक वर्षे आहे. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच. ती आणली आजोबांनी. सुरुवातीला तिच्यात गप्पी, मोली, एंजल असा बराच गोतावळा होता. आजोबा गेल्यावर तो हळूहळू आटत गेला आणि शेवटी एकच मासा उरला. त्याचे नाव सोन्या. सोन्या हा गोल्डफिश. वय वर्षे नऊ. नीट सांभाळला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे सहज जगतो, हे लोकांना खरे वाटत नाही. कारण बहुतेकांनी तो वाटोळ्या काचेच्या भांड्यात महिनाभरात मेलेला पाहिलेला असतो. आमचा सोन्या मात्र आजीच्या राज्यात सुखाने वाढला. सकाळची देवपूजा झाली, की आजी काचेवर बोट टेकते. सोन्या वर येतो. मग ती चिमूटभर खाद्य टाकते आणि घरातल्या सर्वांची गाऱ्हाणी त्याला सांगते. सोन्याने आजवर एकदाही उलट उत्तर दिलेले नाही, त्यामुळे घरातला सर्वांत गुणी जीव अशी त्याची ख्याती आहे.

आजीचे माहेर मालवणचे. १९७३ साली लग्न होऊन, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ती फोंडा घाट चढून कोल्हापूरला आली. आता तिची भाषा कोल्हापुरी, रस्सा कोल्हापुरी, शेजारणींशी होणारे वादही कोल्हापुरीच. पण फार राग आला किंवा फार आनंद झाला, की तिच्या तोंडून एकदम मालवणी बाहेर पडते. त्यावरून आम्हाला हवामानाचा अंदाज येतो. अलीकडे तिचे गुडघे दुखतात, घाटाची वळणे सोसत नाहीत. माहेरचा समुद्र पाहून तिला बरीच वर्षे झाली.

क्रांतीचे मूळ मात्र दादा. तो गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात नोकरी करतो. मित्रांबरोबर तो मालवणला गेला आणि तोंडाला काच आणि नळी लावून पाण्यात उतरला. मालवणच्या किनाऱ्याजवळ प्रवाळ आहेत. तिथल्या समुद्राचा काही भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. घरी आल्यावर दादाने आजीला विचारले, "आजी, तुझ्या माहेरी पाण्याखाली काय आहे, तुला माहीत आहे का?"

"मासे. आणखी काय असणार?"

मग दादाने तिला प्रवाळांची झुडपे सांगितली, त्यांच्यातून लपंडाव खेळणारे रंगीत मासे सांगितले. आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आम्ही पाण्याच्या वरची माणसं रे. आत गेले ते पुरुष. त्यांनी जाळ्यात आलं तेवढं आणलं, आम्ही तेवढंच बघितलं."

लहानपणापासून ज्याच्या काठावर वाढलो, त्याच्या आत काय आहे हे एकदाही पाहायला मिळू नये, ही गोष्ट दादाच्या मनाला लागली असावी. त्याच आठवड्यात त्याने जाहीर केले, की सोप्यातली पेटी खाऱ्या पाण्याची करायची. आजीला समुद्राच्या आतले दाखवायचे.

आता गंमत अशी, की ज्या आजीसाठी हा बेत होता, तिच्याच सोन्याचे घर त्यासाठी मोडावे लागणार होते. आजीने पहिला प्रश्न विचारला तो अगदी सरळ : "ह्येका मीठ चलाचा नाय काय?" मालवणी आली याचा अर्थ आम्ही समजून चुकलो.

चालत नाही. का चालत नाही हे शोधताना मला जे कळले, ते मला अजून नवलाचे वाटते. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात क्षार जास्त आणि बाहेरच्या पाण्यात कमी. त्यामुळे बाहेरचे पाणी सतत त्याच्या अंगात शिरत राहते, आणि तो ते सतत लघवीवाटे बाहेर टाकत राहतो. पाणी तो जवळजवळ पीतच नाही. समुद्रातल्या माशाचे नेमके उलटे. तिथे बाहेर क्षार जास्त, म्हणून माशाच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते. एवढ्या अथांग पाण्यात राहून त्याला तहान असते! तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. जिताड्यासारखे थोडे मासे दोन्हीकडे संसार करू शकतात. सोन्याला ते जमणारे नव्हते. त्याला खाऱ्या पाण्यात टाकणे म्हणजे त्याच्या अंगातले पाणी शोषून त्याला मारणे होते.

घरात आठ दिवस तह चालला. "सोन्या माझ्या नवऱ्यानं आणलेला आहे," एवढे एकच कलम आजीचे होते आणि त्याला उत्तर नव्हते. अखेरीस असे ठरले, की सोन्यासाठी दुसरी पेटी आणायची, ती सोप्यातच ठेवायची, आणि तो तिथे महिनाभर सुखाने राहिल्याशिवाय जुन्या पेटीला हात लावायचा नाही. त्याप्रमाणे ओळखीच्या एका घरातून वापरलेली पेटी आणली. तिच्यात जुन्या पेटीचे पाणी घातले, जुनी रेती घातली आणि मुख्य म्हणजे पाणी गाळणारा जुना स्पंज न धुता तसाच बसवला. सोन्या दोन दिवस रुसल्यासारखा कोपऱ्यात होता. तिसऱ्या दिवशी आजीने काचेवर बोट टेकले आणि तो वर आला. आजीने त्याला कोणाची गाऱ्हाणी सांगितली, हे सांगायला नकोच.

तो स्पंज न धुण्यामागे एक शास्त्र आहे आणि साऱ्या गोष्टीची किल्ली त्यातच आहे. माशाच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो. तो विष आहे. समुद्रात किंवा नदीत तो विरून जातो; पेटीत साठतो. परंतु एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइट हेही विषच. नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. पेटीतल्या रेतीवर, दगडांवर, स्पंजवर हे डोळ्यांना न दिसणारे सेवक राहतात. स्पंज खळखळून धुणे म्हणजे त्यांना कामावरून काढून टाकणे. सोन्याबरोबर त्याचे सेवक गेले, म्हणून तो वाचला. पण हे गोड्या पाण्यातले सेवक खाऱ्या पाण्याच्या कामाचे नसतात. तिथे नवी भरती पहिल्यापासून करावी लागते.

महिन्याने जुनी पेटी रिकामी झाली. आता पाणी. "समुद्राचंच का आणत नाही?" असे शेजारी विचारत. किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ असतो, सांडपाणी असते, पावसाळ्यात तर नद्यांच्या पाण्याने त्याचा खारटपणाच उतरतो; शिवाय घाटावरून दीडशे लिटर पाणी वाहून आणणार कोण? नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. म्हणून फिल्टरचे पाणी घागरी-घागरीने चार दिवस साठवले. आता मीठ. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. समुद्राच्या क्षारांत खाण्याच्या मिठाचा वाटा शंभरातला पंचाऐंशीच्या आसपास. उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आणि आणखी कितीतरी गोष्टी. हे सारे योग्य प्रमाणात मिसळलेले तयार मीठ मिळते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आमच्या पेटीत दगड-वाळू वजा जाता १४० लिटर पाणी मावते. म्हणजे जवळजवळ पाच किलो मीठ! आई म्हणाली, "एवढ्यात माझी चार वर्षांची लोणची होतील."

मीठ विरघळले, पंपाने पाणी फिरू लागले, गरम ठेवणाऱ्या कांडीने ते सव्वीस अंशांवर आणले. दादाने घनता मोजली : १.०२५. आजीने बोट बुडवून जिभेला लावले. सगळे तिच्याकडे पाहत होते.

"खारट आसा," ती म्हणाली, "पण दर्याचो वास नाय."

वास कुठून येणार? ते पाणी अजून मेलेले होते. तळाला चुनखडीची पांढरी वाळू, वर सिरॅमिकचे कृत्रिम दगड. खरे प्रवाळ आम्ही घेतले नाहीत आणि घेताही येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, जिथे वाघ आहे, तिथेच प्रवाळही आहेत.

यानंतर घराच्या सहनशीलतेची खरी कसोटी लागली. पाण्यात जिवाणू यायचे तर त्यांना खायला अमोनिया हवा. म्हणून दादाने बाजारातून कोळंबी आणली आणि तिचा तुकडा पाण्यात कुजत ठेवला. आजीने कपाळाला हात लावला. "चांगली सुंगटा कुजवतास? देवाक तरी पटात काय ह्या?" बाबा विजेच्या बिलाचा विषय रोज जेवताना काढू लागले. पाहुणे येत, दिव्याखाली झगमगणारी पेटी पाहत, वाकून वाकून मासे शोधत आणि शेवटी संकोचाने विचारत, "लपलेत का?" आम्ही सांगत असू, "अजून यायचे आहेत." सहा आठवडे आम्ही एका रिकाम्या पेटीला दिवा लावला, ऊब दिली, वारा घातला. दर दोन दिवसांनी दादा परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब टाकी. अमोनिया असला की पिवळ्याचे हिरवे होई, नायट्राइट असले की निळ्याचे जांभळे. मी वहीत आकडे लिहून घेत असे. पहिल्यांदा हिरवा रंग चढला, मग तो उतरला आणि जांभळा चढला. चौथ्या आठवड्यात काचेवर आणि वाळूवर तपकिरी बुरशीसारखे काहीतरी पसरले. आईला वाटले सगळे बिघडले. पण ती सूक्ष्म शैवाले होती, नव्या पेटीत ती येतातच. सहाव्या आठवड्यात दोन्ही नळ्या स्वच्छ राहिल्या. एकही मासा नसलेल्या त्या पाण्यात आता वस्ती झाली होती. एका दुकानदाराने दादाला "आज मीठ टाका, उद्या मासे सोडा" असा सल्ला दिला होता. तो ऐकला असता तर वहीतल्या आकड्यांच्या जागी मेलेले मासे मोजावे लागले असते.

आता मासा कोणता आणायचा? इथे प्रश्न मिठाचा राहिला नाही, न्यायाचा झाला. आमच्या मामाचा सात वर्षांचा मुलगा हट्ट धरून बसला, की चित्रपटातली निळी 'डोरी'च पाहिजे. त्याला नाही म्हणणे कठीण होते. पण तो निळा सर्जन मासा वाढून फूटभर होतो. तीन फुटांच्या पेटीत त्याने फक्त वळायचे. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. गोड्या पाण्यातले बाजारी मासे बहुतेक तळ्यांत वाढवलेले असतात. पण खाऱ्या पाण्यातले बहुसंख्य अजूनही समुद्रातून पकडून आणतात. फिलिपाइन्ससारख्या देशांत १९६० च्या दशकापासून काहीजण त्यासाठी प्रवाळांच्या फटींत सायनाइडची पिचकारी मारत आले आहेत. मासा गुंगतो, हाती येतो. पण आजूबाजूचे प्रवाळ मरतात, आणि पकडलेल्यांतलेही कितीतरी मासे पुढे दगावतात. सर्जन मासा पैदास करून वाढवण्यात फ्लोरिडा विद्यापीठातील शास्त्रज्ञांना २०१६ साली यश आले, तरी बाजारात येतो तो बहुधा समुद्रातलाच.

आमच्यातल्या इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना एडमंड गॉस हे नाव परिचित असेल. त्याचे वडील फिलिप हेन्री गॉस हे निसर्गशास्त्रज्ञ. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. आणि १८५४ साली या गॉसने मत्स्यालयावर जे पुस्तक लिहिले, त्याने साऱ्या इंग्लंडला घरात समुद्र ठेवायचे वेड लागले. कृत्रिम समुद्रजल बनवण्याचे प्रयोगही त्याने केले. लोक टोपल्या घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर लोटले आणि खडकांतली कुंडे त्यांनी ओरबाडून नेली. पुढे १९०७ साली 'फादर अँड सन' या आत्मचरित्रात मुलाने लिहिले, की वडिलांनी ज्यांचे सौंदर्य जगाला दाखवले ती कुंडे त्या वेडानेच उजाड झाली, आणि त्याचे वडिलांना फार दुःख होते. हा भाग मी दादाला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही. पण निळ्या माशाचा विषय तिथे संपला. मामाच्या मुलाने दोन दिवस आमच्याशी अबोला धरला.

आम्ही आणली ती क्लाऊन माशांची, म्हणजे विदूषक माशांची, पैदास केंद्रात जन्मलेली जोडी. या माशांची पैदास आता चांगली साधली आहे. केरळात विझिंजमला आणि तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र बसवले. आपल्या ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही ही पैदास झाली आहे. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे, लांबी जेमतेम दीड इंच. पिशवीतल्या पाण्यात पेटीतले पाणी थेंबाथेंबाने तासभर मिसळले आणि मग त्यांना सोडले. ते दगडाच्या एका कपारीपाशी गेले आणि तिथेच अंग घुसळत राहिले.

आजी खुर्ची ओढून पेटीसमोर बसली. लग्नानंतर आजोबांनी तिला मुंबईला नेऊन मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय दाखवले होते. १९५१ साली सुरू झालेले ते मत्स्यालय करोनाच्या साथीत बंद झाले. तिथली तिची आठवण एवढीच, की इतके मासे आणि एकही खाण्याजोगा नाही. आताही तिने दादाला विचारले, "बांगडे कधी सोडतलंस रे ह्यात?" पण विचारताना ती हसत होती. दादाने तिला सांगितले, की हे मासे जन्मतः सगळे नर असतात. जोडीतला मोठा मादी होतो आणि मादी मेली तर तिचा नर स्वतःच मादी होतो. आजीला त्याचे काहीच आश्चर्य वाटले नाही. "घराचा कारभार कोणीतरी बघायलाच हवा," ती म्हणाली.

आता पेटी स्थिरावली आहे. तिच्या मागे फेस काढणारे एक यंत्र आहे. ते पाण्यात बारीक बुडबुडे सोडते आणि बुडबुड्यांना चिकटून घाण वर येते. खाऱ्या पाण्यातच असा घट्ट फेस धरतो. गुऱ्हाळावर काहिलीतल्या रसाची मळी काढतात तसेच हे, असे आम्ही कोल्हापूरकर पाहुण्यांना समजावतो आणि ते त्यांना लगेच पटते. दर पंधरा दिवसांनी पंधरा लिटर पाणी बदलायचे, म्हणजे अर्ध्या किलोवर मीठ लागते. झाकणाच्या कडेला पांढरे मीठ फुलते, ते पुसायचे. लोखंडी खिळा दिसला की काढायचा.

रोजचे एक काम मात्र आजीने स्वतःकडे घेतले आहे. पेटीतले पाणी उन्हाळ्यात दिवसाला लिटरभर उडून जाते. उडते ते नुसते पाणी. मीठ तिथेच राहते. म्हणून भर घालायची ती खाऱ्या पाण्याची नव्हे, गोड्या पाण्याची. काचेवर दादाने एक रेघ मारून ठेवली आहे. पूजा झाली, सोन्याचे खाणे आणि गाऱ्हाणी झाली, की आजी स्टीलचा लोटा घेऊन या पेटीकडे येते आणि रेघेपर्यंत पाणी ओतते. तांब्याचे भांडे तिने आपणहून बाजूला ठेवले. कारण तांबे कोळंबी-गोगलगायींना विष असते असे दादाने सांगितले होते आणि पुढेमागे त्या आणायच्या आहेत. पन्नासाहून अधिक वर्षे तिने कोल्हापूरचे गोडे पाणी प्यायले. कधी कधी ती लोटा घेऊन उभी असते, तेव्हा मला वाटते, हिच्यातलेही मीठ काही उडून गेलेले नाही.

परवा पाणी ओतता ओतता तिने दादाला विचारले, "मालवणला ते पाण्याखालचं दाखवतात, त्याला किती पैसे पडतात रे?"

"आजी, तुझे गुडघे?" मी म्हणाले.

"पाण्यात गुडघ्यांचा काय काम? दर्या उचलून धरता."

दादाने दिवाळीनंतरच्या रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे.